बंद करण्याआधी बघा, टॅब कोणाचा आहे

पत्र

दापोली तालुक्यातल्या किनाऱ्यालगतच्या एका गावातून एका ताईंनी लिहिलं आहे. वय ५२. घरामागे चार खोल्या बांधून त्या पर्यटकांची राहण्या-जेवणाची सोय करतात. नारळ-सुपारीची वाडी आहे, यजमानांची आंब्याची कलमं आहेत, घरात ऐंशी ओलांडलेल्या सासूबाई आहेत. मुलाचं कॉलेज संपल्यावर घरी राहिलेल्या जुन्या लॅपटॉपवर ऑनलाइनची सगळी कामं चालतात.

मे महिन्यात मुलगा पुण्याहून आला. क्रोम या ब्राउझरमध्ये १४३ टॅब उघडे बघून म्हणाला, "आई, म्हणूनच हा एवढा रखडतोय." त्याने सगळे टॅब बंद केले, शिवाय ब्राउझिंग डेटा पुसण्याच्या खिडकीत दिसतील तेवढ्या चौकटींवर खुणा करून सगळं पुसून टाकलं. "दुसऱ्या दिवशी ईमेल उघडेना. खोल्यांचं बुकिंग येतं ती साइट पासवर्ड मागायला लागली, जो मला कधी लागलाच नव्हता. सासूबाईंच्या पथ्याचं पान गेलं. मी ओरडले, तोही बोलला. अजून फोनवर आमचं बोलणं 'जेवलास का' याच्या पुढे जात नाही."

आता पुन्हा ६० टॅब झाले आहेत. त्यातले नऊ त्यांनी लिहून पाठवले: मुंबईच्या दिरांची गणपतीची रेल्वे तिकिटं, यजमानांचा पंपाच्या अनुदानाचा अर्ज, सातबारा, पथ्य, जायफळाच्या कलमांची माहिती, खोल्यांचं बुकिंग, वीजबिल, मुलासाठी बघितलेलं एक स्थळ आणि कर्नाटकी कशिद्याचा एक व्हिडिओ, जो तीन महिने उघडा आहे आणि अजून बघितलेला नाही. कोपऱ्यात "तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस आहे" अशा पट्ट्याही सारख्या येतात. त्यांचं विचारणं असं: किती टॅब ठेवावेत? सेटिंगमध्ये हात घालायची भीती वाटते, घालू का? आणि माझ्यातच शिस्त नाही का?

उत्तर

ताई,

शेवटचा प्रश्न आधी घेते. तो मनात तसाच राहिला तर बाकी सेटिंग सांगून काही उपयोग नाही.

तुमची नऊ टॅबांची यादी मी वहीत उतरवली आणि प्रत्येकापुढे लिहिलं, हे काम मुळात कोणाचं. तिकिटं दिरांची. अनुदान आणि सातबारा यजमानांचा. पथ्य सासूबाईंचं. जायफळ वाडीचं, म्हणजे तुम्हा दोघांचं. बुकिंग आणि वीजबिल घराचं. स्थळ मुलाचं. फक्त तुमचं असं एकच निघालं, कशिद्याचा व्हिडिओ. आणि नेमका तोच बघायचा राहिला आहे.

याला मी बेशिस्त म्हणणार नाही. पाच-सहा माणसांनी लक्षात ठेवायच्या गोष्टी एकट्या तुमच्या लॅपटॉपवर येऊन पडल्या आहेत. ज्याला ही कामं लक्षात ठेवावी लागत नाहीत त्याला १४३ टॅब पसारा दिसतात. तुम्हाला त्यातला प्रत्येक टॅब म्हणजे कोणाला तरी दिलेला शब्द वाटतो, म्हणून तो बंद करताना हात अडखळतो.

पण हा शब्द टॅबमध्ये सुरक्षित राहतो, हे गृहीतक एकदा तपासून बघूया. तिकिटांचंच घ्या. रेल्वेचं आरक्षण प्रवासाच्या ६० दिवस आधी सकाळी ८ वाजता उघडतं. १ नोव्हेंबर २०२४ च्या आधी ही मुदत १२० दिवसांची होती, त्यामुळे जुन्या हिशोबाने चालणारे अजून फसतात. गणपतीच्या गाड्या किती झटकन भरतात ते तुम्हाला मी सांगायला नको. आता तो टॅब महिनाभर उघडा राहिला तरी त्या दिवशी सकाळी ८ वाजता तो तुम्हाला हाक मारणार आहे का? लॉगिन तर केव्हाच संपलेलं असणार. सरकारी पोर्टल आणि बँकांच्या साइट थोडा वेळ हात लावला नाही की आपोआप बाहेर काढतात. म्हणजे टॅब उघडा दिसतो खरा, आत काम जिवंत नसतं. ही तारीख फोनच्या कॅलेंडरमध्ये गजर लावून टाकायची गोष्ट आहे. आणि ती तुमच्या नव्हे, दिरांच्या फोनमध्ये. मुंबईत बसून त्यांना ते तुमच्याइतकंच सहज करता येईल.

आमच्या जुन्या घरी ओटीच्या खांबाला एक वाकडी तार होती. वीजबिल, सोसायटीची पावती, डॉक्टरची चिठ्ठी, जे येईल ते बाबा त्या तारेत ओवायचे. दर महिन्याला एकदा तार खाली घेऊन बसायचे. भरलेलं बिल काढून ट्रंकेत, बियाण्याची पावती वहीत, उरलेलं चुलीत. त्या तारेवर कागद नुसते यायचे असं नव्हतं, तिथून पुढे कुठेतरी जायचेही. तुमच्या टॅबांना पुढे जायला जागाच ठरलेली नाही, म्हणून ते तारेवरच राहतात. तेव्हा किती टॅब ठेवावेत याला मी आकडा देणार नाही. कुठला टॅब पुढे कुठे जाणार, तेवढं ठरवूया.

सातबारा घ्या. डिजिटल सहीचा उतारा १५ रुपये भरून मिळतो. तो एकदा उतरवून घेतला की फाइल झाली, मग टॅब कशाला? 'सातबारा' नावाचा फोल्डर करा आणि फाइलच्या नावात गट नंबर आणि महिना लिहा. महिना यासाठी, की कचेरीत ताजा उतारा मागतात आणि जुना कुठला ते नावावरून कळलं पाहिजे. पथ्याच्या पानाची तऱ्हा वेगळी. ते रोज लागतं आणि स्वयंपाकघरात लागतं. कंट्रोल-पी दाबलं की छापायची खिडकी येते, तिथे प्रिंटरऐवजी पीडीएफ म्हणून जतन करण्याचा पर्याय निवडा, किंवा सरळ छापून फडताळाच्या दाराला चिकटवा. जायफळाची माहिती सावकाश, पुन्हा पुन्हा वाचायची आहे. तिला बुकमार्क, म्हणजे पानाचा पत्ता ब्राउझरमध्येच जपून ठेवणारी खूण. त्यासाठी कंट्रोल-डी दाबा. जाता जाता, 'कोकण सुगंधा' ही जायफळाची जात दापोलीच्याच कृषी विद्यापीठाची आहे. विद्यापीठ तुमच्याच तालुक्यात असताना दहा टॅब वाचण्यापेक्षा यजमानांना घेऊन एक सकाळ तिथे जाऊन या, कलमं डोळ्यांनी बघता येतील.

खोल्यांचं बुकिंग आणि ईमेल मात्र दिवसभर लागतं. ते उघडेच राहू देत. त्या टॅबवर उजवं क्लिक करून 'पिन' करा. टॅब आकसून डाव्या कोपऱ्यात जाऊन बसतो आणि बंद करायची फुली त्यावरून जाते, त्यामुळे चुकून बंद होत नाही.

पीडीएफचा मी एवढा आग्रह का धरते, तेही सांगते. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा माझी आत्या दिवेआगरजवळ राहत होती. माड आडवे, विजेचे खांब आडवे, पुढे कितीतरी दिवस वीज नाही आणि रेंज नाही. गाडीच्या बॅटरीवर तिने फोन चार्ज केला. काकांच्या औषधांची यादी ज्या पानावर होती ते पान फोनमध्ये उघडंच होतं. तिने त्यावर बोट ठेवलं, पान नव्याने उघडायला गेलं आणि पांढरं झालं. नेट नाही, तर पान नाही. शेवटी यादी सापडली ती कॅलेंडरच्या मागच्या बाजूला पेन्सिलीने लिहिलेली. ब्राउझर बरेच दिवस न वापरलेलं पान मेमरीतून काढून टाकतो, मागे राहतं ते नाव आणि पत्ता. तुम्ही बोट ठेवता तेव्हा तो ते पुन्हा आणायला निघतो. आपल्याकडे पावसात रेंज जाणं ही दर वर्षाची गोष्ट. तेव्हा ६० उघडे टॅब म्हणजे ६० पांढरी पानं होऊ शकतात. वादळात जे लागेल ते फाइलमध्ये तरी हवं, नाहीतर कागदावर हवं. पावसाआधी आपण लाकूडफाटा, सुकी मासळी, मसाला भरून ठेवतो, तशीच ही बेगमी.

आता लॅपटॉपच्या रखडण्याबद्दल. मुलाचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. क्रोम २००८ साली आला तेव्हापासून त्याची रचना अशी, की बहुतेक टॅब स्वतंत्र चालतात. एक साइट अडकली तरी बाकीच्या बुडत नाहीत, पण त्यासाठी प्रत्येकाला मेमरीचा वेगळा वाटा लागतो. मात्र सगळ्या टॅबांची भूक सारखी नसते. साधा मजकूर असलेली वीस पानं चालून जातील. व्हिडिओ, नकाशा किंवा हलत्या जाहिरातींचं एखादंच पान जुन्या लॅपटॉपला दम लावतं. हे तुम्हाला डोळ्यांनी बघता येईल. क्रोममध्ये शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा, कोण किती मेमरी खातंय त्याची यादी येते. मेमरीच्या रकान्यावर क्लिक केलं की सगळ्यात खादाड टॅब वर येतात. त्यातले दोन-तीन बंद करून बघा, मग ठरवा.

दुसरं म्हणजे सेटिंगमध्ये 'परफॉर्मन्स' या भागात 'मेमरी सेव्हर' आहे, तो चालू करा. न वापरलेल्या टॅबांना तो झोपवतो. ते रांगेत दिसत राहतात, क्लिक केलं की पुन्हा जागे होतात. बुकिंगची साइट झोपलेली चालणार नसेल, तर तिथेच 'कायम जागी ठेवायच्या साइट' अशी यादी करता येते, तीत तिचा पत्ता घाला.

वीज गेली की सगळं जाईल या भीतीने तुम्ही लॅपटॉप बंद करायलाही धजत नाही, असं पत्रावरून वाटलं. सेटिंगमध्ये 'सुरू होताना' असा भाग आहे. तिथे, गेल्या वेळी जिथे थांबलात तिथूनच पुढे, हा पर्याय निवडा. मग रोज रात्री लॅपटॉप खुशाल बंद करा, सकाळी तेच टॅब समोर येतील. एखादा चुकून बंद झाला तर कंट्रोल-शिफ्ट-टी. पुन्हा दाबलं की त्याच्या आधीचा, असं मागे मागे जाता येतं. सबंध खिडकी बंद झाली असेल तर सबंध खिडकी परत येते.

म्हणजे मुलाने फक्त टॅब बंद केले असते, तर तुमचे बहुतेक टॅब त्याच दिवशी परत आणता आले असते. घात झाला तो पुढच्या पायरीला, आणि ती पायरी प्रत्येकाने नीट समजून घ्यावी अशी आहे. डेटा पुसण्याच्या त्या खिडकीत तीन मुख्य चौकटी असतात. साठवलेल्या चित्रांची आणि फाइलींची चौकट निरुपद्रवी. ती पुसली तर साइट पहिल्यांदा थोड्या सावकाश उघडतात, एवढंच. कुकीजची चौकट म्हणजे साइटने तुम्हाला ओळखायची खूण. ती पुसली की सगळ्या साइट अनोळखी झाल्यासारख्या पासवर्ड विचारतात. तुमचं ईमेल आणि बुकिंग त्यामुळे अडलं. आणि इतिहासाची चौकट म्हणजे परत फिरायची वाट. ती पुसली की नुकत्याच बंद केलेल्या टॅबांची यादीही जाते. बुकमार्क मात्र यातल्या कशानेही जात नाहीत. पथ्याचं पान बुकमार्क असतं तर ते वाचलं असतं.

इतिहासाच्या भरवशावरही फार राहू नका, क्रोम तो ९० दिवसांपुरताच दाखवतो. हरवलेली काही पानं अजून मिळतील. तुमच्यासारख्या घरात निम्मी पानं व्हॉट्सॲपवर आलेल्या लिंकमधून उघडलेली असतात. पथ्याची लिंक कोणी पाठवली होती आठवतंय का? त्या व्यक्तीच्या चॅटमध्ये 'लिंक' या भागात बघा.

सेटिंगची भीती धरू नका, फक्त एका दिवशी एकच बदल करा आणि काय बदललं ते वहीत लिहा. बिघडलंसं वाटलं तर उलटं फिरवता येईल. तुमच्यासाठी मी पहिला बदल सांगेन तो त्या व्हायरसच्या पट्ट्यांचा. त्या पट्ट्यांवरून लॅपटॉपमध्ये व्हायरस आहे असं ठरत नाही. बहुतेक वेळा असं होतं, की कधीतरी एखाद्या साइटने "सूचना पाठवू का?" विचारलं आणि घाईत 'अनुमती द्या' दाबलं गेलं. गोपनीयता आणि सुरक्षेच्या भागात साइट सेटिंग, त्यात 'सूचना' उघडा. परवानगी दिलेल्या साइटांची यादी दिसेल. ईमेल आणि बुकिंग सोडून जे नाव ओळखीचं नाही ते काढून टाका. त्या पट्टीवर क्लिक करू नका, तिथला फोन नंबर लावू नका. कुठे पैसे गेलेच, तर वेळ न घालवता १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा. अनुदानाच्या पोर्टलवर पावती उघडत नसेल तर पत्त्याच्या पट्टीत उजव्या टोकाला अडवलेल्या पॉप-अपचं, म्हणजे आपोआप उघडणाऱ्या वेगळ्या खिडकीचं, छोटं चिन्ह दिसतं. तिथून त्या एका साइटला मुभा द्या, सरसकट सगळ्यांना नको.

राहणाऱ्या पाहुण्यांचं तुम्ही लिहिलं नाही, पण माझ्या ओळखीच्या प्रत्येक घरगुती सोयीत हे होतं. "काकू, जरा तिकीट छापून देता का?" म्हणत पाहुणा तुमच्या लॅपटॉपवर स्वतःचं ईमेल उघडतो आणि तसंच ठेवून जातो. क्रोममध्ये वर उजवीकडे तुमच्या नावाचं गोल चिन्ह असतं, तिथून 'अतिथी' खिडकी उघडून द्या. ती बंद केली की त्याचं लॉगिन पुसलं जातं आणि तुमचं काही त्याला दिसत नाही. त्याच ठिकाणी यजमानांसाठी वेगळं प्रोफाइल करा. अनुदान, सातबारा, आंब्याच्या पेट्यांचे हिशोब त्यांच्या नावाखाली जाऊ देत, त्यांचे बुकमार्क आणि टॅब वेगळे राहतील. प्रोफाइलला कुलूप नसतं, एकाच लॅपटॉपवरून कोणीही दुसऱ्याचं उघडू शकतं, हे लक्षात असू द्या. पण काम कोणाचं ते तरी रोज डोळ्यांसमोर राहील.

मुलाबद्दल. न विचारता पुसलं, हे त्याचं चुकलंच, आणि ते त्याला सांगा. पण त्या १४३ टॅबांत काय होतं हे त्याला कुणी कधी सांगितलंच नव्हतं, असंही मला वाटतं. त्याला रखडणारं यंत्र दिसलं, त्यामागची आई दिसली नाही. तुमची नऊ ओळींची यादी जशी मला पाठवलीत तशी त्याला पाठवा, प्रत्येक ओळीपुढे काम कोणाचं ते लिहून. मग सांगा, यातली दोन तू घे. पंपाचा अर्ज कुठवर आला ते पुण्यातून बघणं त्याला जमेल. दुसरं काम म्हणजे तुमचे पासवर्ड. एका रविवारी फोनवर तो सांगेल तसं तुम्ही करा, प्रत्येक साइटचा पासवर्ड ब्राउझरमध्ये जतन होऊ द्या आणि एक प्रत वहीत उतरवून कपाटात ठेवा. त्याने हात न लावता, तुमच्या हातून होऊ दे. 'जेवलास का'च्या पुढचं बोलणं त्यातून आपोआप निघेल.

स्थळाच्या टॅबचं थोडं जपून. तो त्या १४३ मध्येही असेल, तर मुलाने तो बघितला असण्याची शक्यता आहे आणि त्याचं त्या दिवशीचं बोलणं कदाचित टॅबांपुरतं नव्हतं. त्याला सरळ विचारा, तुझ्यासाठी बघू का? हो म्हणाला तर दोघांनी मिळून बघा. नको म्हणाला तर तो टॅब तुम्ही बंद करा.

फोनचं थोडक्यात. तिथे क्रोममध्ये वर चौकटीत टॅबांचा आकडा असतो, तो ९९ च्या पुढे गेला की आकड्याऐवजी हसऱ्या तोंडाचं चिन्ह येतं. ते दिसलं म्हणून घाबरून सगळं बंद करू नका. फोनवर आणि लॅपटॉपवर एकच खातं असून सिंक, म्हणजे दोन्हीकडची माहिती आपोआप सारखी ठेवणारी सोय, चालू असेल, तर फोनचे टॅब लॅपटॉपच्या इतिहासात 'इतर उपकरणं' म्हणून दिसतात. मोठ्या पडद्यावर बसून निवडणं सोपं जातं. पण सिंक चालू असताना एका ठिकाणी इतिहास पुसला की दुसरीकडचाही जातो, तेवढं सांभाळा.

आता पाऊस लागलाय, खोल्या बहुतेक रिकाम्या असतील. एक दुपार घ्या आणि ६० टॅब बाबांच्या तारेसारखे एकेक हातात घ्या. फाइल, कागद, बुकमार्क, की दुसऱ्या कोणाचा फोन? सगळे एका बैठकीत होणार नाहीत, वीस झाले तरी उठा. उरलेले उद्या तिथेच असतील.

कशिद्याचा व्हिडिओ तेवढा बुकमार्क करू नका, पिनही करू नका. सासूबाईंचा दुपारचा डोळा लागला की सुई-दोरा घेऊन बसा आणि तो लावा. मध्ये कोणी हाक मारली तर म्हणा, अर्ध्या तासाने येते.